अनुभव धागा: सेमिस्टर अर्ध्यावर असताना विषय सोडलाय का कधी?

माझ्या भाचीचे पाच विषय आहेत, त्यातला स्टॅटिस्टिक्स बुडतोय. विड्रॉ करायची शेवटची तारीख पुढच्या शुक्रवारी. ताई म्हणते घेतलेलं अर्धवट टाकायचं नाही, जिजाजी म्हणतात नापासचा शिक्का बसण्यापेक्षा सोड, आणि पोरगी रात्री फोन करते मावशीला. ज्यांनी सोडलाय किंवा सोडता सोडता राहिलाय त्यांनी लिहा प्लीज. उपदेश नको, तुमचं काय झालं ते सांगा.

*

माझं मिडटर्मला १०० पैकी २८ आले तेव्हा मी सरळ फॉर्म आणायला निघाले होते. रूममेट म्हणाली आधी हिशोब तर कर बाई. मिडटर्मला ३० टक्के वेटेज, म्हणजे हातात ८.४. असाइनमेंट २० टक्के, त्यातले १४ मिळालेले. झाले २२.४, आणि फायनल तब्बल ५० टक्के. पासिंग ४० ला, म्हणजे फायनलला १०० पैकी ३६ पुरत होते! मी उगाच आठवडाभर रडत होते. पण हेच ६० हवे असते तर फायनलला ७६ लागले असते, आणि ते काही माझ्याच्याने झालं नसतं. मी रेटलं, ४७ वर सुटले. ग्रेड भिकार, पण विषय संपला एकदाचा.

*

मी सोडला आणि पस्तावलो. त्या विषयावर पुढचे दोन विषय अवलंबून होते आणि तो वर्षातून एकदाच शिकवायचे, हे मला सोडल्यावर कळलं. सगळी साखळी एक वर्ष मागे. कोणीतरी आधी सांगायला हवं होतं, पण खरं तर मीच कोणाला विचारलं नव्हतं.

*

स्टुडंट व्हिसावर असाल तर आधी इंटरनॅशनल ऑफिस, मग फॉर्म. हा क्रम उलटा करू नका. फुल टाइमसाठी आमच्याकडे १२ क्रेडिट लागायचे, माझे बरोब्बर १२ च होते, एक विषय काढला असता तर ९ आणि व्हिसाच धोक्यात. स्कॉलरशिपलाही बऱ्याचदा अशीच अट असते.

*

मी शिकवतो म्हणून पलीकडून लिहितो. सुरुवातीच्या आठवड्यांत ड्रॉप केलं तर बहुतेक ठिकाणी विषय ट्रान्सक्रिप्टवर दिसतच नाही, नंतर विड्रॉ केलं की डब्ल्यू दिसतो पण जीपीएत धरत नाहीत, आणि फीही त्या टप्प्यावर क्वचितच परत मिळते. हा फरक निम्म्या मुलांना माहीत नसतो. आणि माझ्याकडे येतात कधी, तर तारीख उलटल्यावर! तोंड चुकवत मागच्या बाकावर बसतात महिनाभर. अरे, मी काय खातो का. एका मुलीच्या घरी आजारपण होतं, तिचा फक्त शेवटचा प्रोजेक्ट राहिला होता, तिला सोडायची गरजच नव्हती, इन्कम्प्लीट, म्हणजे राहिलेलं काम नंतर द्यायची मुभा, घेऊन तिने पुढच्या सेमिस्टरला तो पूर्ण केला. पण ती वेळेवर येऊन बोलली म्हणून जमलं.

*

तीन डब्ल्यू आहेत माझे. नोकरीत आजवर कोणी विचारलं नाही. मास्टर्सच्या अर्जात कारण विचारलं होतं, दोन ओळी लिहिल्या, झालं.

*

माझं जरा वेगळं. एक विषय सोडला तो बाकीचे चार वाचवायला. झोप उडाली होती, सगळा वेळ त्या एकातच जायचा आणि तोही डोक्यात शिरत नव्हता. सोडल्यावर दोन दिवस अपराधी वाटलं, तिसऱ्या दिवशी दुपारी जी झोपले ती संध्याकाळीच उठले.

*

सगळ्यांचे आभार, सगळं वाचून दाखवलं भाचीला. हिशोब केला, तिला फायनलला ६८ लागतायत. विषय पुढच्या सेमिस्टरला परत आहे, तेही तिनेच शोधलं. फॉर्म भरून ठेवलाय पण सबमिट केलेला नाही, उद्या आधी मॅडमना भेटणार म्हणाली. ताईला अजून सांगितलेलं नाहीये, ते बहुतेक माझ्याच गळ्यात पडणार.