'सत्या'त मुंबई कुठे आहे?

गिरणगावकर
१७ जानेवारी २०२५ ला रामगोपाल वर्मांचा 'सत्या' (१९९८) पुन्हा थिएटरांत लागला, तेव्हापासून 'हिंदीतला सगळ्यात खरा गँगस्टरपट' हे इतक्यांदा वाचलंय की आता भांडायलाच बसतो. चित्रपट ताकदीचा आहे. मनोज बाजपेयी, सौरभ शुक्ला, शेफाली शाह, कुणाबद्दल तक्रार नाही. पण 'खरा'?

सत्या व्हीटीला उतरतो. कुठून आला, घरी कोण, काही कळत नाही. ठीक, तो उपराच दाखवायचा होता. पण टोळीचा म्होरक्या असलेल्या भिकू म्हात्रेलाही मागचं काही नाही, त्याच्या टोळीतल्या कल्लूमामालाही नाही. १९९८ ची मुंबई आहे आणि पावणेतीन तासांत गिरणी नाही, संप नाही. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि हजारोंना पुन्हा आत जाताच आलं नाही. त्यांची पोरं नाक्यावर आली. टोळ्यांना पोरं कधी कमी का पडली नाहीत, ते तिथे बघावं लागतं. जयंत पवारांनी 'अधांतर' नाटकात ते एका खोलीत दाखवलं. रामगोपाल वर्मांना अख्खं शहर मोकळं होतं, तरी दिसलं नाही.

तिसरी_घंटा
अहो, कारण दिलं नाही हीच तर त्याची हिंमत! 'दीवार'मध्ये पोराच्या हातावर बाप चोर असल्याचं गोंदलेलं असतं. मोठेपणी तो काहीही करो, आपण आधीच माफ करून बसलेलो. 'सत्या'ने ती सोय काढून घेतली.

हा चित्रपट सुचला कसा, ते वर्मांनीच सांगितलंय. एका निर्मात्याकडे बसले असताना एका बड्या माणसाच्या खुनाची बातमी आली. तो निर्माता सांगत सुटला, सकाळी किती वाजता उठला, कुणाशी बोलला, किती वाजता गोळी लागली. वर्मांच्या मनात आलं, मारणारा त्या दिवशी किती वाजता उठला असेल? चित्रपट या प्रश्नातून आलाय. म्हणून त्याला भिकूच्या बालपणात रस नाही. घरी उशिरा आल्यावर बायको काय बोलते, यात आहे. प्यारी त्याला झापते आणि मुंबईचा किंग म्हणवणारा माणूस तिची मनधरणी करतो. त्याआधीच्या हिंदी डॉनला असलं घरच नव्हतं. तुम्ही मागताय तो समाजशास्त्राचा प्रबंध.

उरणकर
आमचंही एक गाऱ्हाणं. म्हात्रे हे आडनाव आमच्या उरण-पनवेल-अलिबागच्या पट्ट्यातलं. आणि बाजपेयींनी मुलाखतीत सांगितलंय की भिकूच्या बोलण्याची ढब त्यांनी आपल्या स्वयंपाक्याकडून उचलली, तो कोल्हापूरचा! म्हणजे आडनाव आगराचं, हेल पंचगंगेचा आणि नट बिहारचा. त्यात दिग्दर्शक हैदराबादचा, सत्या झालेला जे. डी. चक्रवर्तीही हैदराबादचा, लिहिणाऱ्यांतला अनुराग कश्यप उत्तर प्रदेशचा आणि कॅमेऱ्यामागे जेरार्ड हूपर हा अमेरिकन (पुढे मझहर कामरान). आमच्याकडे आजही कुणी म्हात्रे भेटला की पाहुणे 'मुंबई का किंग कौन' करतात. पोरं हसतात, म्हातारे वैतागतात.

तरी गिरणगावकरांच्या बाजूने मी नाही. बाहेरून आलेल्यालाच हे शहर असं नागडं दिसतं. तबेले, अंधारे जिने, ओले रस्ते. आपल्याला त्यात बघण्यासारखं काही वाटलंच नव्हतं.

गिरणगावकर
@तिसरी_घंटा, प्रबंध नको हो. 'अर्धसत्य' (१९८३) प्रबंध होता का? श्री. दा. पानवलकरांची कथा, तेंडुलकरांची पटकथा. वेलणकर फौजदार का झाला, बाप हवालदार असून घरात कसा वागायचा, सगळं आहे. आणि सदाशिव अमरापूरकरांचा रामा शेट्टी खुर्चीतून न उठता घाम फोडतो. कारण सांगितलं म्हणून चित्रपट पातळ होत नाही. कारण लपवलं की मात्र प्रेक्षक भिकूला यार समजून घरी घेऊन जातो. तेच झालं. 'गोली मार भेजे में' वरातींत वाजलं.

तिसरी_घंटा
वरातीत काय वाजतं यावरून चित्रपट जोखायचे म्हटलं तर कठीण आहे. आणि भिकू मरतो कसा, ते आठवा. लढाईत नाही, शौर्याने नाही. निवडणूक जिंकलेल्या भाऊ ठाकूरदास झवळेच्या घरी, हसत्याखेळत्या बैठकीत, आपला समजलेल्या माणसाच्या हातून गोळी. पडदा भिकूला एक शेवटचा डायलॉगही देत नाही. यात कुणाला यारी दिसली, तर दोष पडद्याचा?

हवालदाराची_लेक
तुमची दोघांची कारणांवरून चाललीय, मला या चित्रपटाच्या वारशातलं वेगळंच खुपतं. आयुक्त आमोद शुक्ला पोलिसांना मोकळीक देतो आणि टोळीची माणसं टिपली जाऊ लागतात, तो भाग आठवा. १९९८ ला प्रेक्षकांना ते पटत होतं, आणि का पटू नये? ऑगस्ट १९९७ मध्ये गुलशन कुमारांना अंधेरीत भरदिवसा मारलं होतं. त्याच वर्षी जानेवारीत दत्ता सामंतांना पवईत. खंडणीचे फोन येणं नेहमीचं झालेलं. चित्रपटातही टोळी निर्मात्याला मारते, म्हणजे लोक पेपरात वाचलेलंच पडद्यावर बघत होते.

पण नंतर? वर्मांच्याच कारखान्यातून २००४ साली 'अब तक छप्पन' आला, नाना पाटेकरांचा पोलीस अधिकारी साधू आगाशे. तोपर्यंत चकमकीत किती मारले याची मोजणी हेच कौतुक झालं होतं. माझे वडील पोलीस खात्यात होते. त्यांच्या तोंडून या आकड्यांचं कौतुक मी कधी ऐकलं नाही. २००६ च्या लखनभैया प्रकरणात चकमक खोटी ठरली आणि २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने १३ पोलिसांसह २१ जणांना जन्मठेप दिली. त्यावर टाळ्या पडतील असा चित्रपट कुणी काढला?

तिसरी_घंटा
ताई, मुद्दा वजनाचा आहे, पण 'सत्या'च्या माथी मारू नका. तिथे आयुक्तही मारला जातो. मोकळीक देऊन शहर साफ होतं, असं तो चित्रपट म्हणतच नाही. टोळी उलट वार करते आणि शेवटी झवळे निवडून येतो.

हवालदाराची_लेक
म्हणत नाही, मान्य. पण आयुक्त मेल्यावर थिएटरात हळहळ कुणासाठी होती, आणि भिकू मेल्यावर कुणासाठी? दोन्ही वेळी मी थिएटरात होते. वजन कुठे टाकायचं ते संकलनाच्या टेबलावर ठरतं, आणि ते ठरवूनच टाकलेलं आहे.

बाल्कनीवाला
एक अवांतर. संदीप चौटाचं पार्श्वसंगीत कुणीच का काढत नाही? अर्धी भीती तिथे आहे. बाकी विशाल भारद्वाज-गुलजारांची गाणी मला आजही मध्येच आल्यासारखी वाटतात. 'सपने में मिलती है' सोडून. आशाताई आणि सुरेश वाडकर, त्याला माफी.

उरणकर
@बाल्कनीवाला, 'बादलों से' ला हात लावलात तर धागा पेटेल.

तिसरी_घंटा
@गिरणगावकर, तुमची मुंबई या चित्रपटात आहे, शोधा. सत्या झवळेला मारतो तो विसर्जनाचा प्रसंग. चौपाटी, गुलाल, ढोल, आणि सुरा चालतो तरी नाच थांबत नाही. ती लोकं कोण? परळ-लालबागचीच ना?

गिरणगावकर
आहेत ना. गर्दी म्हणून आहेत. हीच माझी तक्रार आहे.

उरणकर
बरं, मग त्या गर्दीतल्यांचा चित्रपट आपण मराठीत केव्हा काढला? मांजरेकरांचा 'वास्तव' १९९९ चा, तोही हिंदीत. 'अधांतर'वरून 'लालबाग परळ' आला २०१० साली, संपाला २८ वर्षं झाल्यावर. हैदराबादच्या माणसाने आपलं दुःख का नाही सांगितलं म्हणून रडायचं, आणि आपल्याकडचे निर्माते तेव्हा काय करत होते ते विचारायचं नाही?

गिरणगावकर
हिरोला साडी नेसवून पळवत होते. तो धागा उघडा, तिथे मी तुमच्या बाजूने भांडतो.