मदत हवी आहे: सायकलची चेन गंजली आहे, काय लावू?

घाईघाईत
सायकलची चेन गंजली आहे. काय लावल्यावर गंज जाईल? सोमवारपासून लेकीला क्लासला सायकल लागणार आहे आणि आज शनिवार. डब्ल्यूडी-४० मारून झालंय, ढिम्म फरक नाही. 'दुकानात द्या' असं कृपया सांगू नका, वेळ असता तर इथे विचारलंच नसतं.

बिनगिअरचा
गिअरची की साधी? गंज म्हणजे वरवर लाली आलीये की कड्या वाकतच नाहीत? चेनकव्हर अर्धं की पूर्ण? फोटो टाका.

घाईघाईत
साधी, लेडीज. गंज म्हणजे गंज हो, तांबडा. फोटो चढत नाहीये.

शेवंती
खोबरेल! आमचे अण्णा दर रविवारी चेनला खोबरेल लावायचे. सायकल विकली तेव्हाही चेन मूळचीच होती.

बिनगिअरचा
शेवंतीताई, खोबरेल २४-२५ अंशांखाली थिजतं आणि त्यावर धूळ बसून काळा लगदा होतो. केसांना उत्तम.

शेवंती
आमच्या मालवणात थिजण्याइतकी थंडी कितीदा पडते? आणि दर रविवारी पुसायचेही ते. नुसतं थापून ठेवायचे नाहीत.

वाटसरू७
व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवा. सकाळी चेन चकाचक. मी नळाच्या तोट्या अशाच साफ केल्या.

जुना_फिटर
तोटीवर उभं राहून कुणी चढ चढत नाही. आम्ल गंजाबरोबर लोखंडही खातं, शिवाय कडक केलेल्या पोलादात हायड्रोजन शिरला की ते ठिसूळ होतं. चेनच्या पिना कडक केलेल्याच असतात. ऐन चढावर कडी तुटली तर मूल हँडलवर आपटेल.
धागाकर्ते, सायकल इतके दिवस कुठे उभी होती?

घाईघाईत
गॅलरीत. दोनेक वर्षं. त्याचा काय संबंध?

जुना_फिटर
गाव कुठलं?

घाईघाईत
रत्नागिरी. गॅलरीतून समुद्र दिसतो.

बिनगिअरचा
अहो हे पहिल्या ओळीत सांगायचं ना!

जुना_फिटर
मग आधी साबणाचं कोमट पाणी आणि जुना टूथब्रश. मीठ पाण्यात विरघळतं, रॉकेल-डिझेलमध्ये नाही. वर कितीही तेल ओतलंत तरी आतलं मीठ चेन खातच राहील.

पक्कड_पाना
गंजलेल्या चेनला पाणी?? २० वर्षं सायकली खोलतोय, असलं ऐकलं नाही. थेट रॉकेल.

जुना_फिटर
२० वर्षं कुठे? घाटावर असाल.

पक्कड_पाना
साताऱ्यात. बरं, समुद्राचा मुद्दा मान्य. पण रॉकेल लागतंच, जुनं तेल आणि चिखल पाण्याने निघत नाही.

जुना_फिटर
लागतंच, पण नंतर. क्रम असा. चेन काढायची. साध्या सायकलच्या चेनला एका ठिकाणी लॉक असतं, माशाच्या आकाराची पत्री क्लिप. पकडीने सरकवली की निघते, पण खाली परात ठेवा, उडाली की सापडत नाही. साबणपाणी, मग साधं पाणी, फडक्याने पुसून पंख्याखाली. मग रॉकेल किंवा डिझेलमध्ये तासभर, स्वयंपाकघरापासून लांब. ब्रश मारा. अडकलेली कडी दोन्ही हातांत धरून हलकेच आडवी वाकवा, मोकळी होते. पुन्हा पुसा, रॉकेल पूर्ण उडून जाऊ द्या आणि मग एकेका रोलरवर, म्हणजे कडीच्या दोन पत्त्यांमधल्या फिरत्या नळीवर, शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब. अर्ध्या तासाने बाहेरचं सगळं तेल पुसून टाका. तेल रोलरच्या आत हवं, बाहेर राहिलं की धूळ खातं.
क्लिप परत बसवताना मिटलेलं तोंड चेन जाते त्या दिशेला, फट मागे. उलटी बसवलीत तर रस्त्यात कशाला तरी घासून सुटते.

पक्कड_पाना
हे सगळं पटलं. फक्त शिलाई मशीनचं तेल पातळ, पावसात चार दिवसांत धुपतं. कोकणात जाड तेल हवं.

वाटसरू७
डब्ल्यूडी-४० मारलंय ना? तेही तेलच की.

बिनगिअरचा
नावातच 'वॉटर डिस्प्लेसमेंट' आहे, पाणी हटवायला काढलेलं. थोडं वंगण असतं, पण चेनवर टिकत नाही.

उत्रेख्तकर
इथे नेदरलँड्समध्ये सायकली बारा महिने पावसात उभ्या असतात, पण बऱ्याच साध्या सायकलींना चेन पूर्ण झाकणारं कव्हर असतं. आपल्याकडे लेडीज सायकलला तसं असायचं, आता अर्धं पत्र्याचं लावतात.

ढगाळ
रत्नागिरीच्या चढांवर सायकल? इलेक्ट्रिक घेऊन टाका.

शेवंती
लहानपणी आम्ही तासावर भाड्याची सायकल आणायचो. चेन पडली की काडीने उचलून बसवायची आणि काळे हात परकराला. आई बदडायची.

जुना_फिटर
सगळं धुण्याआधी एक करा, धागाकर्ते. चेन मोजा. दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच असतं, म्हणजे २४ कड्या ताणून धरल्या की बरोबर १२ इंच भरायला हव्यात. अर्धा सूत जास्त भरली तर चेन बदला (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). पूर्ण सूत जास्त भरली तर फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकाचं दातेरी चक्रही गेलंय असं धरून चाला.

घाईघाईत (रविवार)
धुतली, घासली. तीन कड्या मोकळ्या झाल्या, एक पत्ती चिरलेली निघाली. मोजली तर जवळजवळ सूतभर जास्त. मग सरळ नवी चेन आणून लावली. आता नवीनच त्रास, जोर लावला की मागे कडकन दाते सोडते. नवी चेन खराब निघाली का?

बिनगिअरचा
फिटरकाकांचं शेवटचं वाक्य परत वाचा.

घाईघाईत
मला वाटलं ते नंतर कधीतरी करायचं. रविवारी इथे फ्रीव्हील कोण विकणार?

पक्कड_पाना
झिजलेल्या दात्यांवर नवी चेन बसणारच नाही. सोमवारपुरती जुनीच चढवा, ती त्या दात्यांबरोबरच झिजलीये, धरेल. चिरलेली कडी तेवढी काढा आणि नव्या चेनमधली घाला. पायडल हाताने फिरवून बघा. मंगळवारी फ्रीव्हील आणा. जुनी टाकली नाहीत ना?

घाईघाईत
टाकली नाही.
व्हिनेगरमध्ये आहे, कालपासून. म्हटलं तशीही जुनीच, बघू तरी काय होतंय.

जुना_फिटर
लेकीला रिक्षाने पाठवा.