कोल्हापूरचा शिवाजी पूल : फोटो पुलावरून नव्हे, घाटावरून

"पावसाळ्यात पाणी चढलं की शिवाजी पुलावर गाडी थांबवून फोटो घ्या" हा सल्ला अर्धाच पटला. पाणी बघण्यासारखं असतं हे खरं, पण पन्हाळा-रत्नागिरीची वाहतूक २०१९ पासून शेजारच्या नव्या पुलावरून जाते. त्यावर मधेच थांबलात तर मागून शिव्या ठरलेल्या. शिवाय पुलावर उभं राहून पूल दिसतच नाही! दगडी कमानी बघायच्या तर पंचगंगा घाटावर उतरा. अंबाबाईच्या देवळापासून पापाची तिकटी, गंगावेश असं चालत गेलं तर दीडेक किलोमीटर. गाडी आणूच नका. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असतो, त्यामुळे दुपारी चारनंतर घाटाकडची बाजू छान उजळते.

पावसाळ्यात निघण्याआधी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी बघा, रोज बातम्यांत येते. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. पण ३९ ची वाट बघत बसू नका, घाट आणि त्यावरची छोटी देवळं त्याच्या बरीच आधी पाण्यात जातात. पूर ओसरल्यावरचे काही दिवस तर जास्त फसवे. पायऱ्यांवर गाळाचा थर असतो, वरून वाळलेला दिसतो आणि खाली लोण्यासारखा निसरडा.

गर्दी चालत असेल तर त्रिपुरारी पौर्णिमेची पहाट गाठा, अख्खा घाट पणत्यांनी भरलेला असतो. उजाडायच्या आत पोचा, नंतर दिव्यांची मजा जाते. आणि पुलाशेजारच्या ब्रह्मपुरी टेकडीत सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती टाऊन हॉल म्युझियममध्ये आहे, तीही त्याच फेरीत उरकता येते.