अख्ख्या राज्याला एकच खासदार? भाचा थापा मारतोय का?

कोपरीकर:
माझा भाचा नोकरीसाठी अमेरिकेत डेलावेअरला असतो. परवा व्हिडिओ कॉलवर सहज म्हणाला, "मामा, इथे काँग्रेसच्या निवडणुकीची हवा आहे." आई शेजारीच मेथी निवडत बसली होती. ती म्हणे, "तिकडे पण काँग्रेस? मग समोर कोण, भाजप?" तिथली काँग्रेस म्हणजे पक्ष नव्हे, संसद, हे निस्तरण्यात दहा मिनिटं गेली. मग म्हणतो, त्यांच्या अख्ख्या राज्यातून खालच्या सभागृहात एकच माणूस जातो, वरच्यात मात्र दोन. हे काय गौडबंगाल? मीरा-भाईंदरपासून बेलापूरपर्यंतचा आपला एक मतदारसंघच मला अवाढव्य वाटतो, तिथे तर राज्य आहे! कुणाला नीट माहीत असेल तर सांगा, पोरापुढे अडाणी दिसायचं नाहीये.

निवृत्त_केंद्राध्यक्ष:
भाचा खरं बोलतोय. २०२४ च्या सप्टेंबर ते नोव्हेंबर मी लेकीकडे तिथेच होतो. निवडणुकीच्या ड्युट्या करून केस पांढरे झालेत, त्यामुळे बघायला मिळेल ते बघितलं.

आधी हिशेब. प्रतिनिधीगृहात, म्हणजे खालच्या सभागृहात, जागा ४३५, राज्यं ५०. लोकसंख्येप्रमाणे वाटणी, पण प्रत्येक राज्याला निदान एक. २०२० च्या जनगणनेत डेलावेअरची लोकसंख्या ९ लाख ८९ हजार भरली, म्हणून एकच जागा. आपल्या ठाणे लोकसभेत नुसते मतदारच २५ लाखांच्या आसपास आहेत, तेव्हा अवाढव्य आपणच. सिनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, लोकसंख्या बघतच नाहीत, लहान-मोठं कुठलंही राज्य असो, दोन. आणि जिथे एकच जागा तिथे मतदारसंघ पाडायचा प्रश्नच नाही. बाकी राज्यांत सोयीच्या रेघा मारण्यावरून कोर्टकचेऱ्या चालतात, इथे राज्याची हद्द तीच मतदारसंघाची.

मला नवल वाटलं ते तिकिटाचं. आपल्याकडे त्या वर्षी ठाण्यातून महायुतीचा उमेदवार कोण, ते १ मे उजाडेपर्यंत कळलं नव्हतं आणि मतदान २० मेला. तिथे तिकिटासाठीही मतदान होतं. त्या पक्षाचे म्हणून नोंदवलेले मतदारच ठरवतात. वरून यादी येईल म्हणून कुणी बंगल्याबाहेर ताटकळत बसत नाही. सप्टेंबरमध्ये सारा मॅकब्राइड डेमोक्रॅटिक पक्षाकडून अशा ठरल्या आणि नोव्हेंबरमध्ये सुमारे ५८ टक्के मतं घेऊन निवडून आल्या. उघडपणे ट्रान्सजेंडर असलेली व्यक्ती काँग्रेसमध्ये जाण्याची ती पहिलीच वेळ. आधीच्या प्रतिनिधी लिसा ब्लंट रोचेस्टर सिनेटवर गेल्या, म्हणून ही जागा मोकळी झाली होती.

लेक मत देऊन आली तर बोटाला शाई नाही! मी तिचं बोट उलटसुलट करून बघितलं. एकाच वेळी राष्ट्राध्यक्ष, सिनेटर, राज्यपाल, प्रतिनिधी, इतकंच काय, राज्याचा विमा आयुक्तसुद्धा मतदानानेच निवडायचा. एवढ्या पदांचा १७-क, म्हणजे मतांच्या हिशेबाचा नमुना, भरायला मला बसवलं असतं तर मी दुसऱ्या दिवशी घरी पोचलो असतो.

पण खरी मजा गुरुवारी. जॉर्जटाउन नावाचं गाव आहे, लेकीच्या घरापासून गाडीने दीड तास. तिथे मतदानानंतर दोन दिवसांनी 'रिटर्न डे' असतो. जिंकलेला आणि हरलेला एकाच घोडागाडीतून मिरवणुकीत फिरतात. कोर्टाच्या इमारतीवरून दवंडीवाला त्या काउंटीचे (आपला जिल्हा म्हणा) आकडे वाचून दाखवतो. मग पक्षांचे अध्यक्ष मिळून एक कुऱ्हाड वाळूत पुरतात, म्हणजे भांडण मिटलं. ही चाल १७९१ नंतरची. काउंटीचं ठाणं तेव्हा जॉर्जटाउनला आलं, लोक तिथे येऊन मत द्यायचे आणि निकाल ऐकायला दोन दिवसांनी परत यायचे. जेवायला भाजलेल्या बैलाचं सँडविच होतं. आम्ही माळकरी, लेकीने डब्यात दिलेले पराठे पार्किंगमध्ये उभ्याने खाल्ले.

ऐरोली_सेक्टर_आठ:
काका, मस्त लिहिलंत. एक भर घालते. सध्या अशी एका जागेची सहा राज्यं आहेत: डेलावेअर, अलास्का, व्हरमाँट, वायोमिंग आणि दोन्ही डकोटा. अलास्काची गंमत वेगळीच. डॉन यंग १९७३ पासून २०२२ मध्ये वारेपर्यंत तिथले एकटे प्रतिनिधी. त्यांच्या जागी पोटनिवडणूक झाली तेव्हा मतदारांनी उमेदवारांना पहिली पसंती, दुसरी पसंती असे क्रम द्यायचे होते. आपल्या विधान परिषदेसारखं म्हणा. त्यात मेरी पेल्टोला यांनी सारा पेलिन यांना हरवलं. २०२४ मध्ये पेल्टोलांचीही जागा गेली.

खारघर_३५:
म्हणजे वायोमिंगच्या पावणेसहा लाखांनाही एक आणि डेलावेअरच्या जवळपास दहा लाखांनाही एकच? हा कुठला न्याय? अर्थात आम्ही खारघरवाले मावळ लोकसभेत मोडतो, हद्दीबद्दल आम्ही न बोललेलंच बरं.

निवृत्त_केंद्राध्यक्ष:
बरोबर पकडलंत. ४३५ चा आकडा १९२९ च्या कायद्याने गोठवलाय, एका जागेमागे सरासरी ७ लाख ६१ हजार माणसं येतात. त्यामुळे लहान राज्यांत कुणाला झुकतं माप, कुणाला तोटा. माँटानाला तर लोकसंख्या दहा लाखांच्या घरात पोचेपर्यंत, तीस वर्षं एकच जागा होती, दुसरी २०२२ पासून मिळाली.

कोपरीकर:
आभार मंडळी. आईला सगळं वाचून दाखवलं. तिला जागांचं काही पडलेलं नाही. ती विचारतेय, त्या एका गाडीत बसून जिंकलेला आणि हरलेला बोलतात तरी काय?

निवृत्त_केंद्राध्यक्ष:
आईंना सांगा, मी कान टवकारून होतो, पण पुढे बँड वाजत होता.