बायोइन्फर्मेटिक्सची पीएचडी: लॅबबाहेरच्या ओळखी हा अभ्यासाचा भाग की उगाच खर्च?

एकटा_कोडर
बायोइन्फर्मेटिक्समध्ये, म्हणजे जीवशास्त्राचा डेटा संगणकावर अभ्यासण्यात, पीएचडी करणाऱ्याने दुसऱ्या लॅबमधल्या लोकांशी नियमित संपर्क ठेवणं हे प्रशिक्षणातच धरावं आणि त्यासाठी वेळ आणि परिषदांना जायला पैसा द्यावा, असं माझं मत आहे. पुढे नोकरी मिळावी म्हणून ओळखी, हा मुद्दा मी बाजूलाच ठेवतो.

आपल्यातले बरेच जण लॅबमध्ये एकटे असतात. आजूबाजूला सगळे पिपेट धरून प्रयोग करणारे, संगणकावर बसणारा एकच. गाईड जीवशास्त्रातले. ते आकृती बघतात, जनुकं ओळखीची दिसली की मान डोलावतात. स्क्रिप्ट कुणीच उघडत नाही. पिपेट चुकीचं धरलं तर शेजारचा टोकतो, पण दोन तक्ते जोडताना एक रकाना सरकला तर टोकणार कोण?

एक्सेल 'मार्च१', 'सेप्ट२' अशा जनुकांच्या तारखा करून टाकतं, हे २००४ मध्येच छापून आलं होतं. २०१६ मध्ये एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेले पेपर तपासले, तर साधारण पाचातल्या एकात अशा चुका निघाल्या. शेवटी २०२० च्या सुमारास नावं ठरवणाऱ्या समितीने जनुकांचीच नावं बदलली, 'मार्च१'चा 'मार्चएफ१' केला. ही तर डोळ्यांना दिसणारी चूक. न दिसणाऱ्यांचं काय?

जुने_गाईड
दुखणं खरं आहे, उपाय पटला नाही. कोड तपासायचा असेल तर सल्लागार समितीत संगणकाकडचा एक माणूस घ्या. परिषदेत पोस्टरसमोर उभं राहून कुणाचा कोड तपासला गेलाय? तिथे लोक शीर्षक वाचतात, चहा घेतात, पुढे जातात.

माझ्याकडे येणारी मुलं कार्यशाळांची प्रमाणपत्रं घेऊन येतात. ब्लास्ट (आपला क्रम डेटाबेसमधल्या क्रमांशी जुळवून बघणारा प्रोग्रॅम) सगळ्यांनी चालवलेलं असतं. ई-व्हॅल्यू म्हणजे काय विचारलं की उत्तर, "पी-व्हॅल्यूसारखंच काहीतरी." अरे, एवढ्या मोठ्या डेटाबेसमध्ये एवढ्या गुणांचे किती जुळवे निव्वळ योगायोगाने सापडतील, त्याची ती अपेक्षित संख्या. डेटाबेस दुप्पट झाला की तीही साधारण दुप्पट होते. मग दोन वर्षांपूर्वीच्या निकालाशी आजचा निकाल तसाच ताडून बघता येईल का? हा प्रश्न ज्याला पडत नाही, त्याने ओळखी वाढवून काय करायचंय? मी पहिल्या सहामाहीत नीडलमन-वुन्श, म्हणजे दोन क्रम जुळवायची पद्धत, स्वतः लिहायला लावतो. १९७० चा अल्गोरिदम आहे, पण गॅप पेनल्टी (जुळवताना सोडलेल्या रिकाम्या जागेचा दंड) बदलली की जुळणी कशी बदलते ते हाताला कळतं.

एकटा_कोडर
सर, समितीतला तो माणूस वर्षातून एकदा भेटतो आणि तोही स्लाइडच बघतो. मी म्हणतोय ते दर पंधरवड्याला बरोबरीच्या कुणाशी तरी बसणं. मोठी परिषद त्याचा एक तुकडा झाला.

पी_व्हॅल्यू
दोघंही उशिरा पोहोचताय.

निरोगी लोकांचे सगळे नमुने एका दिवशी सिक्वेन्स केले (जनुकीय क्रम वाचला) आणि रुग्णांचे सगळे दुसऱ्या दिवशी, तर दिसलेला फरक आजाराचा की दिवसाचा, हे जगातला कुठलाही कोड सांगू शकत नाही. बॅचचा, म्हणजे एकाच वेळी हाताळलेल्या नमुन्यांच्या गटाचा, परिणाम काढायचं सॉफ्टवेअर लावा, आजारही त्याच्याबरोबर जाईल. असा डेटा हातात आल्यावर माझ्यासारख्याकडे येतात आणि म्हणतात, जरा बघा ना काही करता येतंय का. काही नाही येत.

त्यामुळे संपर्क हवाच, पण आपल्यासारख्याच कोड लिहिणाऱ्यांशी गप्पा मारून काय साधणार? ते सोपं आहे, मजाही येते. पिपेट धरणाऱ्या शेजाऱ्याबरोबर प्रयोगाच्या आधी बसा. कोणता नमुना कोणत्या प्लेटवर जाणार हे ठरतं, त्या वेळी तुम्ही खोलीत नसाल तर पुढचा सगळा खटाटोप शोभेचा.

मागचा_बाक
धाग्याच्या विरोधात. ओळखींना अभ्यास म्हटलं की बोलक्या माणसाला गुण मिळणार. ज्यांना प्रवास परवडत नाही, ज्यांच्या घरी लहान मूल आहे, ज्यांचा व्हिसा वेळेवर होत नाही, ते मागे.

त्यापेक्षा कॅस्पसारखं हवं, म्हणजे प्रथिनांच्या रचनेचं भाकीत करायची स्पर्धा. १९९४ पासून दर दोन वर्षांनी होतं. ज्या प्रथिनांची रचना प्रयोगातून निघाली आहे पण जाहीर झालेली नाही, त्यांचा फक्त अमिनो आम्लांचा क्रम देतात. भाकीत कोणत्या गटाचं आहे हे परीक्षकांना कळू देत नाहीत. अल्फाफोल्ड या भाकीत करणाऱ्या एआय मॉडेलचा गट २०१८ मध्ये पहिल्यांदाच उतरला आणि वर आला, २०२० मध्ये तर बाकीचे फार मागे राहिले. २०२४ चं रसायनशास्त्राचं अर्धं नोबेल त्या कामाला गेलं. कुणाशी हात मिळवला होता म्हणून नव्हे.

एकटा_कोडर
उदाहरण उलटं पडतंय. तो गट बड्या कंपनीचा होता, गणनशक्तीला तोटा नव्हता. आणि मॉडेल शिकलं कशावर? १९७१ पासून जगभरच्या लॅबनी प्रोटीन डेटा बँकेत जमा केलेल्या रचनांवर. आपली रचना सगळ्यांसाठी खुली करायची, हा रिवाज लोकांनी एकमेकांशी बोलूनच पाडला ना?

बोलक्यांना गुण, ही तक्रार मात्र रास्त आहे. म्हणून मला आंतरराष्ट्रीय संगणकीय जीवशास्त्र संस्थेच्या विद्यार्थी परिषदेची (स्टुडंट कौन्सिल) पद्धत आवडते. ती २००४ मध्ये सुरू झाली आणि २००५ पासून स्वतःचं चर्चासत्र भरवते. तिथे आलेले सारांश विद्यार्थीच तपासतात. दुसऱ्याच्या चार ओळी वाचून "तुमचा कंट्रोल, तुलनेचा गट, कुठाय?" असं लेखी विचारायला बोलकं असावं लागत नाही.

जुने_गाईड
बरं. पण हे मोजणार कसं? सही-शिक्क्यांची वही ठेवायची का?

एकटा_कोडर
थिसिसचं प्रकरण जमा करण्याआधी दुसऱ्या लॅबमधल्या कुणीतरी तुमचा कोड कोऱ्या मशीनवर चालवायचा आणि तीच आकृती काढून दाखवायची. त्याचं नाव थिसिसमध्ये. त्याला त्याच्याकडे क्रेडिट. बस.

पी_व्हॅल्यू
आकृती तीच आली म्हणजे निष्कर्ष बरोबर, असं होत नाही. चुकीचा कोडही दर वेळी तेच चुकीचं उत्तर देतो. तरी चालेल, काहीच नसण्यापेक्षा बरं. फक्त त्याच माणसाला प्रयोगाची आखणीही आधी दाखवा.

मागचा_बाक
अनोळखी माणसाला "माझा कोड चालवून बघता का" असा मेल मी टाकणार नाही. विभागाने जोड्या लावून दिल्या तर तयार आहे.

जुने_गाईड
जोड्या लावा, हरकत नाही. पण अप्रकाशित डेटा दुसऱ्या लॅबच्या हातात द्यायला मी तयार नाही, आणि रुग्णांचा असेल तर नैतिक समितीही देऊ देणार नाही.

एकटा_कोडर
डेटा देऊच नका. त्याच रचनेचा खोटा डेटा बनवायचा, त्यात दहा जनुकांचा फरक मुद्दाम पेरायचा आणि पाइपलाइन (विश्लेषणाच्या स्क्रिप्टची साखळी) तेवढीच दहा शोधते का ते दुसऱ्याने बघायचं. असा डेटा बनवता येत नसेल, तर आपली पाइपलाइन काय गृहीत धरते हे आपल्यालाच माहीत नाही.

जुने_गाईड
हे मात्र माझ्या पहिल्या सहामाहीत बसेल. परिषदेच्या तिकिटाचं नंतर भांडू.