शब्दचर्चा: सहसंबंध म्हणजे नक्की कोणता संबंध?

प्रश्न (इंदूर)
भाची बीएला आहे, तिला स्टॅटिस्टिक्स आहे, पुस्तकं इंग्रजीत, क्लासचे सर हिंदीत शिकवतात, आणि आजीचा हुकूम असा की जे शिकलीस ते घरी मराठीत सांगायचं. कोरिलेशनला हिंदीत सहसंबंध म्हणतात, मराठीत पण हेच का? आजी म्हणते नुसतं 'संबंध' म्हटलं तर काय बिघडतं, 'सह' कशाला हवा? आणि ऋण सहसंबंध म्हणजे संबंध कमी आहे असं समजायचं का? कोणी नीट सांगेल तर बरं होईल.

उत्तर (बडोदा)
ताई, मराठीत पण सहसंबंधच, आणि जो आकडा काढतात तो सहसंबंध गुणांक. आजींनी फार नेमकं विचारलंय. आपल्या बोलण्यात 'संबंध' आला की त्यात नातं, कारण, जबाबदारी सगळंच येतं, "तुझा यात काय संबंध?" म्हणतो तेव्हा आपण हेच विचारत असतो. सहसंबंधाला एवढं काही म्हणायचंच नाहीये. दोन गोष्टी मोजल्या, एक बदलली तेव्हा दुसरी कशी बदलली ते बघितलं, बास. सह म्हणजे बरोबर. बरोबर बदलतात इतकंच कळलं, का बदलतात ते नाही कळलं. म्हणून मी शिकवताना मुलांना सांगते की सहसंबंध वाचलात तर वाक्यात 'मुळे' घालायचं नाही, 'बरोबर' घालायचं. 'मुळे' हा शब्द इतक्या सहज तोंडात येतो की आपण काय बोलून गेलो ते लक्षातच येत नाही, पेपरमधल्या निम्म्या बातम्या तिथेच फसतात.

तुमच्या इंदूरच्या सराफ्याचंच घ्या, रात्रीच्या खाऊबाजाराचं. हिवाळ्यात गराडू, म्हणजे कंदाच्या तळलेल्या फोडी, खपतात. समजा रोज संध्याकाळचं तापमान लिहिलं आणि एकाच दुकानावर किती प्लेट गेल्या ते लिहिलं. मग कागदावर आडव्या रेघेवर तापमान, उभ्या रेघेवर प्लेटी, आणि एका दिवसाचा एक ठिपका. महिनाभरानी बघाल तर ठिपक्यांचा पुंजका डावीकडे वर आणि उजवीकडे उतरत गेलेला दिसेल, म्हणजे पारा चढला की गराडू कमी. हा ऋण सहसंबंध. ऋण ही फक्त दिशा आहे, संबंध किती घट्ट ते ऋण-धन चिन्ह काढून आकडा बघितला की कळतं. गुणांक −१ पासून +१ पर्यंत असतो, त्यात −०.९ हा +०.४ पेक्षा कितीतरी घट्ट.

आता त्याच दिवसांत स्वेटर किती विकले गेले तेही मोजलं तर गराडू आणि स्वेटर यांच्यात चांगला धन सहसंबंध निघेल. पण गराडू खाऊन कोणी स्वेटर घ्यायला जात नाही ना! दोन्हीला हलवणारी तिसरीच गोष्ट आहे, थंडी.

उत्तर (ग्वाल्हेर)
याला आपल्याकडे तयार म्हण आहे की, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. संस्कृतात काकतालीय न्याय.

उत्तर (बडोदा)
म्हण आहे दादा, पण इथे ती अर्धीच लागते. कावळा आणि फांदी हा एकदाच घडलेला योगायोग आहे. गराडू-स्वेटर योगायोग नाहीये, दर हिवाळ्यात हेच होणार, ते खरंच बरोबर बदलतात, फक्त एक दुसऱ्याचं कारण नाही. दिवस थोडेच मोजले असतील आणि तेवढ्यावरून सहसंबंध दिसला असेल तर मात्र म्हण एकदम फिट, कारण चार-पाच ठिपके योगायोगानी पण रांगेत बसतात.

प्रश्न (इंदूर)
मग शाळेत व्यस्त प्रमाण शिकलो होतो, एक वाढलं की दुसरं कमी, ते आणि ऋण सहसंबंध एकच झालं ना?

उत्तर (बडोदा)
नाही हो, इथे बरेच जण अडकतात. व्यस्त प्रमाणात दोघांचा गुणाकार ठरलेला असतो, १२ मजुरांना १० दिवस तर २४ मजुरांना ५, गुणाकार १२० च. ऋण सहसंबंधात असं बंधन नाही, एखाद्या थंड दिवशी पाऊस आला आणि सराफ्यात गर्दीच नाही असंही चालतं, एकूण कल तेवढा खाली हवा. आणि गंमत अशी की व्यस्त प्रमाणाचे ठिपके वाकड्या रेषेवर बसतात म्हणून नातं इतकं पक्कं असून गुणांक −१ येत नाही, कारण हा गुणांक, म्हणजे कार्ल पिअर्सन या संख्याशास्त्रज्ञाच्या नावाचा, फक्त सरळ रेषा ओळखतो.

भाचीला हे हातानी करून बघायला सांगा. क्ष च्या किमती −२, −१, ०, १, २ आणि य म्हणजे क्ष चा वर्ग, म्हणजे ४, १, ०, १, ४. क्ष ची सरासरी ०, य ची २. सरासरीपासूनचे फरक घेऊन जोडीजोडीनी गुणा, −४, १, ०, −१, ४ येतील, बेरीज शून्य. गुणांकाच्या सूत्रात वर हीच बेरीज असते, म्हणून गुणांक शून्य! आणि तरी क्ष सांगितला की य अगदी बिनचूक सांगता येतो. म्हणून गुणांक शून्य आला तर "संबंध नाही" असं लिहू नये, "सरळ रेषेतला संबंध नाही" असं लिहावं. १९७३ मध्ये अँस्कम्ब या संख्याशास्त्रज्ञानी ११-११ ठिपक्यांचे चार संच दिले होते, चौघांचा गुणांक जवळपास ०.८२, पण चित्रं काढली की चारही वेगळे, एक चक्क कमानीसारखा. आधी ठिपके काढायचे, आकडा नंतर.

उत्तर (ग्वाल्हेर)
व्हेरिएबलला, म्हणजे तापमान किंवा प्लेटींसारख्या बदलत्या राशीला, मराठीत काय मग? इकडे हिंदीत चर म्हणतात.

उत्तर (बडोदा)
मराठीत चल. चर म्हटलं तर आपल्याकडे पाणी अडवायला खणतात तो चर डोळ्यांपुढे येतो. एका चलावरून दुसऱ्याचा अंदाज काढतात त्या रिग्रेशनला प्रतिगमन पण वाचलंय आणि समाश्रयण पण, मला प्रतिगमन आवडतो कारण गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाला १८८६ मध्ये तेच दिसलं होतं, उंच आईबापांची मुलं उंच निघतात पण सरासरीनी थोडी मागे, सगळ्यांच्या मध्याकडे सरकलेली.

प्रश्न (इंदूर)
शेवटचं एक, समजा गराडूचा गुणांक −०.८ निघाला तर आजीला मराठीत कसं वाचून दाखवायचं?

उत्तर (बडोदा)
"जसजसा पारा चढतो तसतसे गराडू कमी खपतात, सगळ्या दिवशी नाही पण बहुतेक." जसजसं-तसतसं मध्ये दिशा आली, बहुतेक मध्ये घट्टपणा आला, आणि 'मुळे' कुठेच नाही. थंडीमुळेच खपतात का, असं आजी विचारतीलच, तर त्याचं उत्तर दुकानदाराकडून घ्या, −०.८ कडून मिळणार नाही.