फँटसी बेसबॉलमधल्या 'ड्राफ्ट'ला मराठीत काय म्हणावं? ('मसुदा' सोडून)

पिंपळपान:
फँटसी बेसबॉलमध्ये (खऱ्या खेळाडूंचे कागदावर संघ करायचे, त्यांच्या खऱ्या कामगिरीवर गुण; हे संघ आळीपाळीने खेळाडू घेऊन भरायचे तो ड्राफ्ट) पहिल्यांदाच उतरणाऱ्यांसाठी दोन पानी टिपण मराठीत करायचंय. वाचणारे अमेरिकेतले मराठी लोक. बेसबॉल बघतात, क्रिकेट कोळून प्यायलेत, पण लीग कधी खेळलेले नाहीत. लीग बारा जणांची, रोटो (हंगामभराच्या आकड्यांवर प्रत्येक प्रकारात क्रमाने गुण), ५ बाय ५ (फलंदाजीचे पाच प्रकार, गोलंदाजीचे पाच), प्रत्येक संघात २३ खेळाडू. भाषांतरयंत्राने 'ड्राफ्ट स्ट्रॅटेजी'चं 'मसुदा धोरण' करून दिलं, म्हणजे थेट विधिमंडळात मांडायला तयार. मी 'खेळाडू-निवड' केलं तर पहिल्याच वाचकाने अडवलं: निवड तर ड्रीम इलेव्हनवरही करायचो, मग यात वेगळं काय?

त्याचं बरोबर आहे. तिथे शंभर क्रेडिटांत बसला की एकच फलंदाज लाखो लोक घ्यायचे. इथे ॲरन जज हा फलंदाज एकाने उचलला की उरलेल्या अकरा जणांच्या हातून तो गेला. 'निवड' म्हटलं की नवखा माणूस चांगल्या खेळाडूंची यादी करून निवांत बसतो आणि तिथेच फसतो. आपली पुढची पाळी येईपर्यंत कोण उरेल हे बघायचं असतं. ही 'घेतला की संपला' भानगड शब्दातच आली तर माझं निम्मं टिपण वाचेल. आणखी अडलेले शब्द: स्नेक, स्लीपर, बस्ट, पंट, स्कार्सिटी. सुचवा.

हेमाडपंती:
गडी वाटून घेणे. कबड्डी-लगोरीला दोन म्होरके आळीपाळीने गडी मागतात तेच हे. एकाने मागितलेला गडी दुसऱ्याला नाही, हे वेगळं समजवावं लागत नाही. नाम हवं तर 'गडीवाटप'. आणि शेवटी उरलेला लिंबूटिंबू म्हणजे तुमची तेविसावी फेरी.

गुगली:
'वाटप' म्हटलं की कुणीतरी तिसराच वाटतोय असं वाटतं, शिधापत्रिकेवर मिळाल्यासारखं. आणि लिंबूटिंबू कधी बाद होत नाही. तेविसाव्या फेरीतला खेळाडू पहिल्या पंधरवड्यातच बाहेर जातो. ड्राफ्टला ड्राफ्टच म्हणा. पडद्यावर जो शब्द दिसणार तोच टिपणात हवा. निवडीला नव्वद सेकंद असतात, काही ठिकाणी साठच. तेवढ्यात 'गडीवाटप म्हणजे कुठलं बटण' शोधायचं का? ते घड्याळ संपलं की साइट आपल्या क्रमवारीतला वरचा खेळाडू परस्पर तुमच्या गळ्यात बांधते. म्हणून साइटवरच्या आपल्या पसंतीच्या रांगेत कायम पाच-सहा नावं भरून ठेवा, हे शब्दांच्या आधी लिहा.

हेमाडपंती:
पडद्यावर इंग्रजी दिसतं म्हणून सगळंच इंग्रजी ठेवायचं, तर टिपण मराठीत कशाला? आयपीएलच्या बातम्यांत 'लिलाव' सगळ्यांना चालतो की!

रानमेवा:
लिलाव काय आकाशातून पडला? पोर्तुगीज 'लैलांव' आहे तो. बाहेरून आला आणि इतका रुळला की आता शुद्धतेचा दाखला म्हणून दाखवतात. ड्राफ्टही रुळेल.

पण लिलाव हा शब्द इथे मोकळा नाही, हे पिंपळपान यांनी लक्षात घ्यावं. लिलावपद्धतीची लीग ही वेगळीच चीज आहे. प्रत्येकाकडे २६० खोटे डॉलर, २३ जागा, किमान बोली १ डॉलर. नवखे पहिल्या अर्ध्या तासात तीन तारे उचलतात आणि मग वीस जागा एकेका डॉलरवर भरत बसतात. हिशेब सोपा आहे: हातातले पैसे वजा (रिकाम्या जागा उणे एक) इतकीच तुमची कमाल बोली. सुरुवातीला ती २३८. ५८ डॉलर आणि १२ जागा उरल्या असतील तर ४७. साधारण १७५ फलंदाजांवर आणि ८५ गोलंदाजांवर ही विभागणी नवख्याला पुरते.

मिरजमळा:
'गोलंदाजांवर'? पिचर गोलंदाज कसा? तो चेंडू फेकतो. आपल्याकडे तसं केलं तर पंच हात आडवा करून नोबॉल देतात. 'फेकी' म्हणा.

रानमेवा:
उलट गोलंदाजच मुळावर जातो. पेशवाईत गोलंदाज म्हणजे तोफ डागणारा, पानशांच्या तोफखान्यातला. फार्सी 'अंदाज' म्हणजे टाकणारा, फेकणारा. तीरंदाजात आहे तोच. हात वाकतो की सरळ राहतो याचा त्या शब्दाशी संबंधच नाही. क्रिकेटने तो उसना घेतला, बेसबॉलनेही घ्यावा.

मिरजमळा:
पटलं नाही, पण पानशांपुढे काय बोलणार.

पिंपळपान:
गोलंदाज ठेवतो. स्नेक ड्राफ्टला 'सर्पिल' लिहिलंय, चालेल?

सरळवाट:
नाही चालणार! सर्पिल म्हणजे मळसूत्रासारखं, एकाच दिशेने फिरत जाणारं. आकाशगंगा सर्पिल असते. तुमची निवड १ ते १२ जाते आणि १२ ते १ परत येते. तिला घाटातल्या रस्त्याचाच शब्द आहे: नागमोडी.

त्या वळणांचे आकडे टिपणात द्याच. पहिल्या क्रमांकाला १, २४, २५. बाराव्याला १२, १३, ३६, ३७. सहाव्याला ६, १९, ३०, ४३. टोकाला बसलेल्याच्या दोन पाळ्यांमध्ये २२ खेळाडू जातात. सरासरीने तिसाव्या क्रमांकावर जाणारा खेळाडू त्याला हवाच असेल, तर २५ ला घेणं हा उतावळेपणा नव्हे, कारण त्याची पुढची पाळी थेट ४८ ला. मधल्या जागेवरच्याने तेच केलं तर मात्र गुडघ्याला बाशिंग.

आणि क्रमवारीपेक्षा थर, म्हणजे साधारण सारख्याच तोलाच्या खेळाडूंचे गट, महत्त्वाचे. समजा सहाव्या जागेवर आहात, १९ ची पाळी आली. तुमच्या कागदावर एकाच थराचे चार शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधले क्षेत्ररक्षक) उरलेत आणि पहिल्या बेसवरचा त्या थराचा शेवटचा एक. शॉर्टस्टॉप यादीत दोन घरं वर दिसत असला तरी पहिल्या बेसवाला घ्या. ३० पर्यंत मध्ये दहाच निवडी आहेत. चारही शॉर्टस्टॉप जाणं कठीण, तो एकटा जाणं सोपं. नवखा याच्या उलट करतो आणि ३० ला पुढच्या थरातला पहिला बेसवाला घेऊन हळहळतो.

हेमाडपंती:
थर नको, दहीहंडी आठवते. बाजार समितीत असते ती 'प्रतवारी' म्हणा.

सरळवाट:
प्रतवारी म्हणजे प्रत ठरवण्याचं काम. 'दुसऱ्या प्रतवारीचा शॉर्टस्टॉप' हे ऐकायलाही विचित्र लागतं. 'दुसऱ्या प्रतीचा' म्हणा हवं तर.

गुगली:
दुसऱ्या प्रतीचा म्हणजे डागी. कोण घेईल?

अक्षयवट:
अवांतर: 'रोटो'चा रोटेशनशी संबंध आहे असं वर कुणी म्हटलेलं नाही, पण कुणीतरी म्हणेलच. नाही. डॅनियल ऑक्रेंट आणि मित्रांची १९८० ची लीग, न्यूयॉर्कच्या 'ला रोटिसरी फ्रान्सेज' या हॉटेलवरून नाव. तेव्हा ४ बाय ४ होतं. धावा आणि स्ट्राइकआउट नंतर आले. म्हणजे मुळात हा कोंबडी भाजण्याच्या भट्टीचा शब्द.

स्लीपरला माझं मत 'झाकलं माणिक'.

गुगली:
'छुपा रुस्तम' जास्त चालतो.

अक्षयवट:
दोन्हींत अर्थ सांडतो, खरं तर. माणिक झाकलेलं असलं तरी माणिकच. स्लीपर म्हणजे चांगला खेळाडू नव्हे; ज्या फेरीत मिळतो त्या मानाने चांगला. होजे बाउटिस्टाने २००९ मध्ये १३ होमरन मारले, २०१० मध्ये ५४. २०१० च्या मार्चमध्ये तो स्लीपर, २०११ च्या मार्चमध्ये तोच पहिल्या फेऱ्यांतला महागडा खेळाडू. माणूस तोच, किंमत बदलली. नवख्यांची चूक अशी की कुठेतरी 'स्लीपर' म्हणून वाचलेलं नाव आठव्या फेरीतच उचलतात. ज्याच्या नावाची चर्चा सगळ्यांनी वाचली, त्याची किंमत तिथेच चढली.

मिरजमळा:
मग 'स्वस्तातला' म्हणा की सरळ. बस्टला, म्हणजे महागात घेऊन फसलेल्याला, 'फुसका बार'.

हेमाडपंती:
बडा घर पोकळ वासा! पहिल्या दोन फेऱ्यांत घेतलेल्यालाच बस्ट म्हणतात ना? तिथे बडं घर हवंच.

रानमेवा:
गोलंदाज स्पेन्सर स्ट्रायडर. २०२३ मध्ये २० विजय, २८१ स्ट्राइकआउट. २०२४ मध्ये दोन सामने टाकले आणि कोपर गेलं, हंगाम संपला. वासा पोकळ होता का? मुळीच नाही, वासा मोडला. दुखापतीला फुसका म्हणणं अन्यायाचं आहे. पण म्हणूनच नवख्याने पहिल्या दोन्ही फेऱ्यांत गोलंदाज घेऊ नयेत. फलंदाजही जखमी होतात, पण गोलंदाजाच्या कोपराची शस्त्रक्रिया म्हणजे बारा ते अठरा महिने गेले.

गुगली:
त्याच वर्षी अकुन्याही मे महिन्यात गुडघ्याने गेला, आदल्या वर्षी ४१ होमरन आणि बेसच्या ७३ चोऱ्या करून. फलंदाजच होता तो.

रानमेवा:
अपवादावर टिपण लिहायचं का?

पिंपळपान:
भांडण आवडतंय, पण पंट राहिलं. एखाद्या प्रकारावर मुद्दाम हक्क सोडणे.

हेमाडपंती:
पाणी सोडणे. दान देताना हातावरून उदक सोडतात, त्यावरून. इतका चपखल शब्द इंग्रजीतही नाही.

मिरजमळा:
तुळशीपत्र ठेवणे! दानाच्या वस्तूवर तुळशीपत्र ठेवलं की ती आपली राहिली नाही. पाणी सोडण्यात थोडी हळहळ आहे, 'पैशांवर पाणी सोडलं' म्हणतो. पंट ठरवून करतात, म्हणून तुळशीपत्र.

सरळवाट:
शब्द कुठलाही घ्या, पण रोटोत नवख्याला हे सुचवू नका. बारा संघ, दहा प्रकार, प्रत्येकात पहिल्याला १२ आणि शेवटच्याला १. एकावर पाणी सोडलं की तुमची कमाल १२० वरून १०९. आठवड्याच्या समोरासमोर लढतीत ते परवडतं, कारण तिथे दहापैकी सहा जिंकले की पुरे. रोटोत अकरा गुण सुरुवातीलाच दिले की ते भरून काढायला बाकी जवळपास सगळीकडे पहिल्या दोन-तिनात राहावं लागतं.

सेव्हजवर (थोडक्या आघाडीचा सामना शेवटी राखल्याची गोलंदाजाची नोंद) पैसे कमी लावा, ते ठीक. शेवटचा डाव टाकणारे हंगामात बदलत राहतात आणि नवा माणूस कुणीच न घेतलेल्या मोकळ्या खेळाडूंत मिळून जातो. पण कमी लावणं वेगळं आणि शून्य वेगळं. दोघं घ्या, एक दहाव्या फेरीच्या आसपास, दुसरा पंधराव्या.

अक्षयवट:
चोऱ्यांचंही तेच. पूर्वी 'चोऱ्या महाग, लवकर घ्या' हा सल्ला खरा होता. २०२३ ला बेस १५ इंचांचे १८ इंच झाले, गोलंदाजाला एका फलंदाजामागे दोनदाच मुक्तपणे रबर (ज्या पट्टीवर पाय ठेवून तो फेकतो ती) सोडता येऊ लागलं, आणि सगळ्या लीगच्या चोऱ्या २४८६ वरून ३५०३ वर गेल्या. वीस चोऱ्यांचा खेळाडू आता पैशाला पासरी. जुनी पुस्तकं वाचून आलेला माणूस निव्वळ धावणारा, होमरन नसलेला खेळाडू चौथ्या फेरीत घेतो आणि ताकद मागे पडते.

पिंपळपान:
म्हणजे स्कार्सिटीला 'टंचाई' लिहिलेलं कालबाह्य?

अक्षयवट:
टंचाई चोऱ्यांची उरली नाही, ठरावीक जागांवर खेळणाऱ्या चांगल्या खेळाडूंची आहे. 'वानवा' म्हणा, जास्त घरगुती.

हेमाडपंती:
वानवा नेहमी वानवाच. टंचाई उन्हाळ्यात येते आणि जाते. खरी वानवा यष्टिरक्षकांची.

मिरजमळा:
यष्टी कुठे आहेत बेसबॉलला? कॅचरच्या मागे पंच असतो. पंचरक्षक म्हणायचं का?

गुगली:
'गडी एकदा घेतला की संपला' म्हणणाऱ्यांनी फलंदाजी आणि गोलंदाजी दोन्ही करणाऱ्या ओहतानीचं बघावं. याहूच्या साइटवर तो दोन खेळाडू आहे, फलंदाज वेगळा, गोलंदाज वेगळा, दोन संघांत जाऊ शकतो. ईएसपीएनवर एकच. पिंपळपान, तुमची लीग कुठे आहे? आणि याहूवर पाच सामन्यांत सुरुवातीपासून किंवा एकूण दहा सामन्यांत एखाद्या जागेवर खेळला की ती जागा मिळते. दोन-तीन जागा मिळालेला साधा खेळाडू शेवटच्या फेऱ्यांत सोन्यासारखा.

सरळवाट:
२३ जणांचा जुना संघ म्हणजे १४ फलंदाज, ९ गोलंदाज आणि त्यात कॅचर दोन. तुमच्याकडे एक आहे की दोन ते आधी सांगा, सगळं त्यावर ठरतं. एकच असेल तर बारा संघांना बाराच लागतात, शेवटच्या तीन फेऱ्यांपर्यंत थांबा. दोन असतील तर २४ जातात, आणि मेजर लीगचे संघच मुळात ३०. गुडघ्यांवर बसून बसून कॅचर बरेच सामने विश्रांती घेतो, म्हणून खालच्या सहा-सात जणांच्या धावा इतक्या कमी पडतात की नुसतं सरासरीचं नुकसान पदरी येतं.

पिंपळपान:
दोन आहेत.

सरळवाट:
मग पहिला सातव्या ते दहाव्या फेरीत, दुसरा सोळाव्याच्या आत. विसाव्यापर्यंत थांबलात तर जो मिळेल तो ०.२०० ची सरासरी घेऊन येईल.

हेमाडपंती:
झेलकर. कॅचरला झेलकर म्हणा.

गुगली:
झेल तर सगळेच घेतात.